प्रमाणपत्रापलीकडचे प्रमाण



धाम नदीच्या काठावरील या पवनारात बसून कार्य आणि प्रमाणपत्र यांविषयी बोलायचे, तर आचार्य विनोबांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१६ साली, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघण्याच्या सुमारास त्यांनी आपली प्रमाणपत्रे अग्नीच्या स्वाधीन केली आणि परीक्षा सोडून काशीची वाट धरली. १९३८ पासून पवनार त्यांची कर्मभूमी झाली. पुढे १९५१ पासून भूदानासाठी ते गावोगाव पायी फिरले. लोकांनी त्यांना जमिनी दिल्या, त्या पदवी पाहून नव्हे. त्यांचे कार्यच त्यांचे प्रमाण होते.

तो विरक्तीचा मार्ग होता. संसारी माणसाने त्याचे अनुकरण करावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यातील एक प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला किंवा गृहिणीला व्यवसाय बदलायचा असेल आणि नव्या क्षेत्राचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर त्यांनी काय दाखवावे?

याचे उत्तर दादासाहेब फाळके यांनी १९१२ सालीच देऊन ठेवले आहे. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण असे अनेक व्यवसाय करून झाल्यावर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते चित्रपटाकडे वळले. भांडवल हवे होते; पण जे काम या देशात कोणी फारसे पाहिलेच नव्हते, त्यासाठी पैसा कोण देणार? फाळक्यांनी अर्ज-विनंत्यांवर विसंबून न राहता कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंतची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो इवलासा चित्रपट पाहून कर्ज देणारे पुढे आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्यामागे त्या कुंडीतील वाटाण्याचे बळ होते.

आजचे व्यक्तिगत संकेतस्थळ म्हणजे हीच कुंडी होय. ते आत्मस्तुतीचा फलक नव्हे, तर नव्या कामाचा एक अंकुर दाखवण्याची जागा आहे.

उदाहरणादाखल, वीस वर्षे पतसंस्थेचे हिशेब सांभाळलेल्या एका गृहस्थाची कल्पना करा. त्यांना आता बचत गटांना आणि छोट्या दुकानदारांना संगणकावरील हिशेब शिकवायचा आहे. त्यांच्या संकेतस्थळावर काय असावे? पहिल्याच पानावर एका वाक्यात सांगावे, की कोणासाठी कोणते काम केले जाईल. त्याखाली दोन-तीनच नमुने द्यावेत: गटाची रोकडवही संगणकावर कशी ठेवावी, याचा दहा मिनिटांचा पाठ, तयार हिशेबपत्रक, शेजारच्या गटाला शिकवले असल्यास त्यांच्या संमतीने त्या अनुभवाची हकिगत. प्रत्येक नमुन्याखाली तीन गोष्टी याव्यात: अडचण काय होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. जुन्या नोकरीची यादी शेवटी द्यावी. पण त्यातील जो गुण नव्या कामात उपयोगी पडेल, तो मात्र ठळकपणे सांगावा.

बहुतेक लोक हे पान मोबाईलवरच पाहतील. म्हणून अक्षर ठसठशीत, छायाचित्रे हलकी आणि मजकूर युनिकोडमधील मराठीत असावा. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही मिळू शकते. संपर्कासाठी ई-मेल पुरेसा आहे. घरचा पत्ता चव्हाट्यावर मांडण्याचे कारण नाही. पान तयार झाले की ते या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या आप्ताला दाखवावे. ही व्यक्ती काय काम करते, हे त्याला अर्ध्या मिनिटात सांगता आले नाही, तर पान पुन्हा लिहावे.

मात्र या साऱ्या मांडणीला सत्याचे अधिष्ठान हवे. जुन्या संस्थेच्या सभासदांची खाती ही त्यांची ठेव आहे. नमुना म्हणूनही ती दाखवणे हा विश्वासघात ठरेल. तेथे कल्पित आकडे वापरावेत आणि ते कल्पित आहेत, असे स्पष्ट लिहावे. चौघांनी मिळून केलेले काम एकट्याच्या नावावर खपवू नये. शिकाऊ अवस्थेतील कामाला शिकाऊ म्हणण्यात कमीपणा नाही. खोट्या दाव्यावर मिळालेले पहिले काम हेच बहुधा शेवटचे ठरते, आणि मध्यम वयात गेलेली पत पुन्हा उभी करण्यास आयुष्य अपुरे पडते.

घरात कर्जाचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण असताना व्यवसाय बदलणे हे धाडस असते. म्हणूनच शक्य असेल तोवर हातची नोकरी न सोडता, रोज तासभर या कामाला द्यावा. महिन्याकाठी एखादा प्रामाणिक नमुना सिद्ध झाला, तरी वर्षअखेरीस दाखवण्यासारखे पुष्कळ हाती असेल. त्यातील उत्तम तेवढे ठेवावे, बाकीचे निःसंकोच गाळावे.

अंकुर लहान असला तरी चालेल. तो आपण स्वतः पेरलेला असला पाहिजे.