कातकऱ्याच्या दाव्यावर साक्ष कोण देणार?

(वनहक्क समित्यांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर. जे पाडे बैठकीला आले नाहीत त्यांनी रात्री चावडीवर वाचून दाखवावा.)



दाव्याचा फॉर्म कसा भरायचा, नकाशा कसा काढायचा, ते सकाळी बोलून झालं. आता ज्यावर बोलायचं ते फॉर्मात कुठे लिहिलेलं नाही, पण त्याच्यामुळे दावे अडकताहेत. आपण एकमेकांना काय समजतो, ही ती गोष्ट.

समितीकडची यादी बघा. वारल्यांचे दावे आले, कोकण्यांचे आले, मल्हार कोळ्यांचे, ठाकरांचे आले. कातकरवाडीचे किती? काही गावांत एकही नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं. "त्यांची कुठं शेती? ते आज इथं, उद्या तिथं." आणि मग कुणी हळूच म्हणतो, "त्यांना प्लॉट मिळाला तरी विकून पिऊन टाकतील."

हे बोलणं आपल्या म्हाताऱ्यांनी आधी ऐकलेलं आहे. सावकार आणि जमीनदार वारल्याबद्दल हेच बोलत. वारली आळशी, वारली दारुडा, त्याला जमीन कशाला? लग्नासाठी चार पैसे दिले की नवरा-बायको दोघं जन्मभर लगीनगडी. वर म्हणणार, आम्ही पोसतो म्हणून जगतात. या वेठीविरुद्ध लोक उठले तेव्हा १९४५ साली तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड शहीद झाला. वेठ गेली. पण जमीनदाराचा डोळा मागे राहिला, आणि आपल्यातले काही जण तो आता दुसऱ्याकडे बघायला वापरतात.

ही शिडी फार लांब आहे. शहरवाला सगळ्याच आदिवासींना जंगली म्हणतो. आपल्यात ज्याच्याकडे बैल आणि भाताची खाचरं तो वरकसवाल्याला खालचा धरतो. कोकणा वारल्याला, वारली कातकऱ्याला. कातकऱ्यातही सोन आणि ढोर, त्यातला सोन ढोराला कमी लेखतो. शिडीच्या खाली अजून कुणी उरलं असतं तर ढोर कातकऱ्यालाही बघायला कुणी मिळालं असतं!

हे सगळं सावकारानं शिकवलं असंही नाही. थोडं आपल्या चालीरीतीतूनच येतं, ते समजून घ्यायला पाहिजे. आपण कणसरीला मानतो. दाणा पायाखाली येऊ देत नाही. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय खात नाही, बियाणं जिवापाड जपतो. ही मोठी गोष्ट आहे, ती सोडायची नाही. पण ज्याच्या घरात कणगी त्याला कणगी नसलेला माणूस उडाणटप्पू वाटायला लागतो. कातकरी आज मिळालं ते आज खातो, वाटून खातो, उद्यासाठी ठेवत नाही, म्हणून तो बेजबाबदार. तो उंदीर खातो म्हणून घाण. आपला मान ज्यात आहे त्याच मापाने आपण दुसऱ्याला मोजतो, आणि ते माप त्याच्या अंगाला बसत नाही.

का बसत नाही? कातकऱ्याचं नाव कातावरून पडलं. खैराचे तुकडे उकळून कात काढायचा, विकायचा, बाकी जंगल आणि नदीवर जगायचा. मासा कुठल्या डोहात, कंद कुठल्या उतारावर, मध कुठल्या कड्याला, हे त्याला पाठ. जंगल रोज देत होतं तर त्याने कणगी कशाला भरायची? मग इंग्रजांनी १८७८ चा वनकायदा केला, जंगलं राखीव झाली, खैर सरकारी झाला. कात गेला. कातकरी कोळसा पाडायला लागला, कोळसा गेला तसा वीटभट्टीवर गेला. दिवाळीनंतर उचल घेऊन जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. उचल फिटत नाही म्हणून पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी. "आज इथं, उद्या तिथं" ही त्याची हौस नाही.

आणि चोर हा शब्द. कातकरी म्हणजे चोर, असं पोरंसुद्धा बोलतात. पण जंगल राखीव झालं त्या दिवसापासून कागदावर चोर कोण कोण झालं? मोळी आणणारी बाई लाकूडचोर झाली. राब करायला टहाळ तोडणारा लाकूडचोर झाला. बापजाद्यांची जमीन कसणारा अतिक्रमणदार झाला. त्याच इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९५२ ला तो रद्द झाला, तरी कुठं चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्याच्या पालावर जातात. चोर हा शिक्का एकाच कारखान्यात बनला. आपल्या अंगावरचा पुसायला आपण मोर्चे काढतो आणि कातकऱ्याच्या अंगावरचा खरा मानतो, हे जुळत नाही.

(शहरात म्हणे आता वारली चित्राला भाव आलाय, हॉटेलांच्या भिंतीवर तारपा नाचतो. चांगलं आहे. पण चित्रातल्या वारल्याला मान आणि दाव्याच्या फायलीतल्या वारल्याला हेलपाटे, हे आपण रोज बघतो. तसा मान आपल्याला नको.)

आता कायद्याकडे या. वनहक्क कायदा २००६ चा, त्याच्या सुरुवातीलाच ऐतिहासिक अन्याय झाला असं लिहिलेलं आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो त्याचा हक्क. हा प्लॉट विकता येत नाही, तो वारसाने पुढे जातो आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. म्हणजे "विकून पितील" हे म्हणणं कायद्यानेच मोडून काढलं आहे. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्या वस्तीस्थानाच्या हक्काचं कलम वेगळं आहे.

पुराव्याचं काय? कातकऱ्याकडे दंडाची पावती क्वचित सापडते. रेशनकार्डही कुणाकुणाचं नाही, घर दुसऱ्याच्या जमिनीवर. पण नियम १३ मध्ये जुनी विहीर, बांध, मसणवटी हे पुरावे धरतात, आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही धरतात. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. तर कातकऱ्यासाठी हा जबाब कोण देणार? शेजारचा वारली, कोकणा किंवा ठाकर म्हातारा. दुसरा कोणी नाही. आपण त्याला कोण समजतो यावर त्याची जमीन अवलंबून आहे, ती अशी.

एका पाड्यावर यावरून भांडण झालं. जाणती माणसं म्हणाली, आम्ही कशाला अंगठा देऊ, आमच्याच चराईत त्यांचा प्लॉट येईल. एक म्हातारी मागे बसली होती. ती म्हणाली, "वाईट साली आपल्या घरात दाणा नव्हता तवा कडूकांदा कुठं निघतो ते याच्या आजीनं दावलं. त्या उताराला त्यांची नाचणी व्हती, मी सोता पायली आणली. आता म्हणू का, ते नव्हतेच?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग जबाब लिहिला गेला, तिचाच पहिला. चराईचा वाद मिटला नाही, तो सामूहिक हक्काच्या नकाशावर बसून सोडवायचा आहे. वाद होणारच. पण तो माणूस इथला आहे हे मानून वाद घालायचा.

शेवटी कामाचं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. यातल्या पहिल्या दोन्हीला कातकरी भट्टीवर असतो. म्हणून कातकरवाडीच्या दाव्यांची बैठक आणि जागेची पाहणी १५ ऑगस्ट ते दिवाळी या काळातच ठेवा. पाहणीच्या आधी दावेदाराला कळवणं समितीला बंधनकारक आहे, आणि दाराला कुलूप असलेल्या घराला नोटीस चिकटवली म्हणजे कळवलं असं होत नाही. समितीत दहा ते पंधरा माणसं असतात, त्यात कातकरवाडीचं कोणी नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. जे आधीच भट्टीवर गेले त्यांच्या भट्टीचं गाव आणि मालकाचं नाव लिहून आणा, कार्यकर्ते तिथे जाऊन सह्या आणि अंगठे घेतील. आणि प्रत्येक पाड्याने जबाब देतील अशा दोन म्हाताऱ्या माणसांची नावं द्यावीत, त्यात एक बाई पाहिजे.