ट्रॅक्टर येण्याआधी दोन घरं नीट करू या

(दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यात आपल्या दवाखान्यातील परिचारिका भगिनींनी केलेलं हे भाषण. अनेकांनी मागणी केल्यामुळे इथे देत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी वस्तीवर, तांड्यावर ते मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)



आज मी गोळ्या-औषधांवर बोलणार नाही. घरावर बोलणार आहे. थंडी पडायच्या आधी माणसं आपलं घर नीट करतात, सणासुदीला ते सजवतात. आपल्या बीड जिल्ह्यात मात्र थंडी सुरू होते तेव्हाच घराला कुलूप लागतं. दसरा झाला की मुकादमाचा निरोप येतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, कुठल्याही तालुक्यात जा, वाड्या आणि तांडे रिकामे होत जातात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी पुणे-नगरकडे, कोणी कर्नाटकात. काहींची दिवाळी फडावर होते, संक्रांतीचा तीळगूळ कोपीत वाटला जातो, आणि होळी-पाडव्याच्या सुमाराला माणसं परत येतात.

म्हणजे आपल्याला एक नाही, दोन घरं नीट करावी लागतात. एक मागे राहणारं, ज्यात म्हातारी माणसं आणि पोरं असतात. दुसरं पुढे बांधायचं, चटईचं आणि पाचटाचं. उचल किती, कोयते किती, गाडी कोणाची, हे सगळं आपण आधी ठरवतो. पण मागे कोण राहणार, त्याच्याकडे कोण बघणार, लेकरू कुठे झोपणार, हे ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यावर ठरतं. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की हेही आधी ठरवा.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. मीसुद्धा कोयत्यावरच्या आईबापाची लेक आहे. मी आजीजवळ राहिले म्हणून शिकले. माझा धाकटा भाऊ सात महिन्यांचा होता, तो आईबरोबर फडावर गेला. संक्रांतीच्या आधीची थंडी होती. त्याला दोन दिवस सर्दी होती. आईला वाटलं, सर्दीच आहे, उतरेल. पहाटे चारला आई-बाबा तोडीला गेले तेव्हा तो गोधडीत होता, धापा टाकत होता. आई म्हणायची, मला वाटलं गाढ झोपलाय म्हणून श्वास वाजतोय. आठ वाजता ती दूध पाजायला आली तेव्हा तो गेला होता. आईची चूक नव्हती. तो श्वास काय सांगतोय, हे तिला कोणीच शिकवलेलं नव्हतं. म्हणून मी आता प्रत्येक आईला शिकवते.

ते आधी सांगते. लेकरू आजारी असेल तर ते शांत असताना त्याचा अंगरखा वर करा आणि पोटाकडे बघा. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा अंग गार पडलं असेल, तर त्या दिवसाची मजुरी सोडा आणि दवाखाना गाठा. मजुरी उद्या भरून निघेल.

कोणी म्हणेल, हे डॉक्टरचं काम आहे, आम्ही अडाणी माणसं. तर ऐका. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना हे शिकवलं. श्वास कसा मोजायचा, बाळ ऊबदार कसं ठेवायचं, दुखणं कसं ओळखायचं आणि उपचार कसे करायचे. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हा अनुभव ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या बाया तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

नवजात बाळ असेल तर त्याला पहिल्या दिवशी अंघोळ घालू नका. टोपरं, मोजे घाला आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्या. आईच्या अंगासारखी ऊब दुसरी नाही. बाळाच्या खाटेखाली शेगडी मात्र कधीही ठेवू नका.

आता मागच्या घराकडे येऊ.

मागे आजी-आजोबा राहतात. थंडीत आपण त्यांच्यासाठी घमेल्यात निखारे ठेवतो आणि वारा नको म्हणून दार-खिडकी गच्च बंद करतो. हे जीवघेणं आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, गुंगी येते, आणि झोपलेलं माणूस उठतच नाही. आपल्या एका वस्तीवर एक आजी आणि तिचे दोन नातू असेच बेशुद्ध सापडले होते. शेजारीण सकाळी ताक मागायला आली, हाकेला ओ मिळाली नाही म्हणून तिने दार ढकललं, आणि तिघे वाचले. शेकायचं ते अंगणात. झोपायच्या आधी निखारे बाहेर काढायचे आणि पाण्याने विझवायचे. आत ऊब हवी तर खाली पोतं, त्यावर वाकळ, वरून घोंगडी. जमिनीतून येणारी थंडी आधी अडवा.

निघण्याआधी आजीची बी.पी.ची, साखरेची गोळी किती दिवस पुरेल ते बघा. संपली की कोण आणणार, त्या माणसाचं नाव ठरवा. सरपण कोरड्या जागी रचून ठेवा. आजीच्या उशाशी बॅटरी असू द्या. तुमचा, आशाताईंचा आणि शेजाऱ्याचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा. आणि एका शेजाऱ्याला सांगा, रोज सकाळी एक हाक मारायची. ताक मागायला आलेल्या बाईने तीन जीव वाचवले, हे विसरू नका.

घर पूर्ण बंद करणार असाल तर विजेचा मुख्य खटका बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा. दागिने आणि कागद घरात ठेवू नका.

आता सुट्ट्यांचं. पोरगं वसतिगृहात घातलं की आपण निर्धास्त होतो. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आहे, गावोगावी शाळांमधून हंगामी वसतिगृहंही चालवली जातात. त्यांचा फायदा घ्याच. पण दिवाळीची सुट्टी लागली की ते लेकरू कुठे जाणार? घराला कुलूप आणि आईबाप फडावर. मग कोणीतरी त्याला फडावर पोचवतं. तिथे ते वाढे बांधतं, धाकट्याला सांभाळतं. सुट्टी संपते, पण परत सोडायला कोणाला सवड नसते. मी अशी कितीतरी पोरं पाहिली आहेत, ज्यांची शाळा कोणी बंद केली नाही, ती दिवाळीच्या सुट्टीत सुटली. म्हणून आताच गुरुजींना विचारा, सुट्टी कधी लागते, कधी संपते. मामा, मावशी, आत्या, कोणाकडे राहणार ते ठरवा. आणि परत कोण सोडणार, तेही ठरवा.

आणि मुलगी. हे बोलायला जड जातं, पण बोलते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, या भीतीने आपण निघायच्या आधी तिचं लग्न उरकतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या १०० पैकी जवळपास ४४ जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. आईबापाची भीती खोटी नाही, हे मी जाणते. पण लग्नाने ती सुरक्षित होत नाही. तिच्या हातात कोयता येतो आणि वर्षाच्या आत पोटात मूल. तिच्यासाठी वसतिगृह बघा, नात्यातलं भरल्या माणसांचं घर बघा. काहीच जमत नसेल तर आमच्याकडे या, आपण मिळून मार्ग काढू.

आता पुढच्या घराकडे, म्हणजे कोपीकडे.

कोपी बांधताना जागा तुम्ही निवडा, घाईत मिळेल तिथे उभी करू नका. ट्रॅक्टर-ट्रॉली वळते, मागे घेतली जाते, त्या वाटेपासून लांब बांधा. दोन कोप्यांत अंतर सोडा. पाचट, चटई, ताडपत्री, सगळं पेटणारं आहे. एक पेटली तर रांग जाते. चूल बाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला मांडा. वाळलेलं पाचट चुलीपासून दूर रचा. दाराशी पाण्याची एक घागर भरलेली असू द्या, ती प्यायची नाही, आगीसाठी ठेवायची. चिमणी पेटती ठेवून झोपू नका. विजेच्या तारेवर आकडा टाकू नका.

आता सापाचं. ऊस आहे तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे साप. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. घोणस थंडीतही उसात असते, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, आणि पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. ती चावलेली पुष्कळदा कळतही नाही. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. आपल्याकडच्या एका बाईला असंच झालं. सगळे म्हणाले, शिळं खाल्लं असेल. पण टोळीतल्या एका पोराने मेळाव्यात हे ऐकलं होतं. तिच्या पापण्या बघून त्याने १०८ ला फोन लावला. चार दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. आज ती इथे बसलेली आहे.

म्हणून खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, भगताकडे नेऊन वेळ घालवू नका. बांगड्या, जोडवी काढा. तो हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर धरा, माणसाला चालू देऊ नका. थेट सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचं औषध तिथे मिळतं.

जुन्नर-नगरच्या बाजूला जाणाऱ्यांनी बिबट्याचं ध्यानात ठेवा. तिकडे बिबट्याची मादी उसातच पिलं घालते. तोड करताना पिलं दिसली तर हात लावू नका, काम थांबवा, मागे सरका आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा. लेकराला उसाच्या कडेला एकटं झोळीत टाकू नका.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहाटे कोपीत एकटी राहणारी पोरं. आग असो, साप असो, दुखणं असो, मोठं माणूस जवळ असेल तर निम्मं संकट टळतं. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत एक बाई पोरांजवळ थांबली तर तिची मजुरी सगळ्यांनी वाटून द्यायची. हे मुकादमाशी उचल घेतानाच बोला. एकटी बाई बोलली तर तो हसेल. दहाजणी बोलल्या तर ऐकेल.

शेवटी कागद. ग्रामसेवकांकडे नोंदणी करून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या. आधार, लसीकरणाचं कार्ड, गरोदर बाईचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. रेशन आता दुसऱ्या गावीही मिळतं, कार्डाचा नंबर जवळ असू द्या. मात्र मागे राहिलेल्यांच्या वाटणीचं धान्य घरी राहील हे बघा. आणि तीन नंबर पोरांकडूनही पाठ करून घ्या. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, लेकरांच्या कुठल्याही संकटाला १०९८.

आज घरी गेलात की एक करा. जेवणं झाल्यावर सगळे एकत्र बसा, आजीला आणि पोरांनाही बसवा. कोण जाणार, कोण राहणार, कोण कोणाकडे बघणार, हे नावं घेऊन ठरवा. माझ्या घरात ती बैठक कधी झाली नाही. तुमच्या घरात ती होऊ द्या.

सुखरूप जा. पाडव्याला परत याल तेव्हा मी याच झाडाखाली असेन आणि मोजेन. जेवढे गेलात तेवढे सगळे मला परत दिसले पाहिजेत.