तंबाखूचे पान आणि कर्करोगाची लस



निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातील कित्येक चुली पेटल्या. त्याच तंबाखूने कित्येक घरांतला कर्ता माणूसही नेला. अशाच एका घरातील आमच्या विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस विचारले, "सर, ज्या पानाने बाबा गेले, त्याच पानातून कर्करोगाची लस निघते म्हणतात. खरे का?"

गोष्ट खरी आहे, पण पुरती समजून घेतली पाहिजे. ते झाड आपल्या शेतातले नव्हे. त्याचे ऑस्ट्रेलियातील रानटी भावंड, निकोटियाना बेन्थामियाना. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात रोगट पेशींवर त्या त्या रोग्याचेच असे एक प्रथिन असते. शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक तंबाखूवरील एका विषाणूत बसवले व तो विषाणू पानांना लावला. पानांनी ते प्रथिन तयार केले. ते शुद्ध करून त्याच रोग्यास टोचले. म्हणजे ज्याची त्याची लस निराळी! २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे १६ रोगी होते. गंभीर अपाय कोणासही झाला नाही आणि ७० टक्क्यांहून अधिक जणांच्या शरीराने प्रतिकाराची चिन्हे दाखवली. परंतु रोग बरा होतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. अशी लस अद्याप दवाखान्यांत मिळत नाही. पान चघळून ती मिळेल, हा तर घातक भ्रम होय.

हे ऐकून मुलाची आई म्हणाली, "मग ती लस येऊ द्या, तेव्हा धाकटीला देऊ." येथे मात्र आम्हांस राहवले नाही. धाकटी बारा वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास अडविणारी लस आजच उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती २०२३ पासून बाजारात आणली आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींस दोन मात्रा पुरतात. उद्याच्या लसीची वाट पाहत आजची दवडणे शहाणपणाचे नव्हे. तंबाखूच्या कर्करोगावर मात्र ही लस चालत नाही. तेथे पुडी टाकणे हाच उपाय.

आईला पटले, पण पैशांचे अडले. तेव्हा विश्वस्तांस आमची नम्र विनंती अशी की, या महोत्सवी वर्षात आपल्या गरजू मुलींच्या लसीचा खर्च संस्थेने उचलावा. पानातली लस येईल तेव्हा येवो. मुलींचे वय थांबत नाही.