आपलं अवजार, आपली धार

(मिरजेतील युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसा कंपनीसाठी कोड लिहितो, रात्री गाणी रेकॉर्ड करतो. मी गायक नाही की चित्रकार नाही, नुसता हौशी माणूस आहे. संगीत आणि चित्रकलेसाठी मोफत किंवा परवडणारी सॉफ्टवेअर, असा विषय मला दिलाय. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलमध्ये कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून संगीताचं एक महागडं सॉफ्टवेअर घेतलं. अर्थात क्रॅक केलेलं. सुट्टीत घरी आलो की दादीची गाणी रेकॉर्ड करायचो. लग्नात ढोलकीवर म्हणायची, जात्यावरची. काही दखनीत, काही मराठीत. दोन सुट्ट्यांत वीसेक गाणी झाली. मग त्या क्रॅकबरोबर आलेल्या व्हायरसनं लॅपटॉप बसला. फॉरमॅट करावा लागला. मी बॅकअप घेतला होता, पण फक्त प्रोजेक्ट फाइलचा. त्या फाइलमध्ये आवाज नव्हताच. कुठला आवाज कुठून उचलायचा आणि कधी वाजवायचा, एवढीच यादी तिच्यात होती. यादी उरली, आवाज गेला. पुढच्याच वर्षी दादीचा इंतकाल झाला.

त्या वेळी मी म्हणायचो, ‘गरिबाच्या पोरानं क्रॅक नाही वापरायचं तर काय करायचं?’ आज मला सांगायचंय की मार्ग तेव्हाही होता. मला तो माहीत नव्हता, आणि सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मी इथं उभा आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. फुकट मिळालेली वस्तू देणारा उद्या परत घेऊ शकतो, तिच्यात जाहिराती घालू शकतो, पैसे मागू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार हक्क असतात: कशासाठीही वापरायचं, आत कसं चालतं ते बघून बदलायचं, दुसऱ्याला द्यायचं, आणि बदललेलंही द्यायचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ही चळवळ सुरू केली.

मिरजेत हे समजायला अवघड नाही. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. यातल्या एखाद्या कारागिराला सांगून बघा, ‘ही पटाशी वापर, पण धार लावायची नाही, आणि भाडं थकलं की परत द्यायची.’ तो हसेल. आपण मात्र संगणकावर हेच मुकाट्यानं मान्य करतो.

आता कामाचं बोलू.

आवाज रेकॉर्ड करायचा, खरखर काढायची, कापाकापी करायची, तर ऑडॅसिटी. २००० सालापासून ती मोफत मिळते आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. ताल आणि वाद्यं रचायची तर एलएमएमएस. अनेक ट्रॅकचं मोठं काम असेल तर आर्डर. त्याचा कोड मुक्त आहे, तयार प्रोग्राम थोडे पैसे देऊन मिळतो. स्वरलिपी लिहायला म्यूझस्कोअर आहे. रीपर नावाचं सॉफ्टवेअर मुक्त नाही, पण साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि हौशी माणसासाठी परवाना ६० डॉलरचा आहे. एकदा भरायचे, दरमहा नाही. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी बँडलॅब वापरावं. ते फुकट आहे, पण गाणी त्यांच्या सर्व्हरवर राहतात, म्हणून प्रत्येक गाणं उतरवून स्वतःकडेही ठेवा.

एक अडचण आधीच सांगतो. यातली बहुतेक अवजारं चार मात्रांच्या ताला‍त आणि पेटीच्या बारा पट्ट्यांत विचार करतात. रूपकासाठी सात मात्रांची चौकट लावून घ्या. जात्यावरचं गाणं रेकॉर्ड करताना तर मेट्रोनोम बंदच ठेवा. बाईचा श्वास हाच तिथला ताल आहे. आणि सर्ज एक्सटी नावाचा मोफत सिंथेसायझर आहे, त्यात सुरांची जागा आपल्याला हवी तशी बदलता येते.

चित्रांकडे येऊ. रंगवायला क्रिता, फोटोवर काम करायला गिंप. गिंप १९९५ साली बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. पोस्टर, बोधचिन्ह, अक्षरांचं काम असेल तर इंकस्केप. ॲनिमेशनसाठी ब्लेंडर. ज्या कंपनीकडे ब्लेंडर होतं ती बंद पडली, तेव्हा २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी काढून ते सोडवलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. मोहल्ल्यात वर्गणी काढून विहीर बांधावी तसं. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी त्याच ब्लेंडरवर ‘फ्लो’ हा चित्रपट केला. २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्यांना मिळालेलं अवजार तुम्हालाही आजच मिळेल, एक रुपया न देता.

आता अक्षरांचं. आपल्याकडची पोस्टरं मराठीत असतात, उर्दूतही असतात. डीटीपीच्या दुकानात जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांचा कचरा होतो. युनिकोडमध्ये काम करा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फाँट मोफत आहे, उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ आहे. देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारी आणि नस्तालीकची अक्षरं उतरत्या ओळीत गुंफणारी एक मुक्त लायब्ररी आहे, तिचं नाव हार्फबझ. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज़’ म्हणजे खुलं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तीच बसलेली आहे. दोन लिप्यांना एकच यंत्र सांभाळतं, याची मला गंमत वाटते.

माझी भाची दहावीला आहे. जुना चार जीबीचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि इंकस्केप. वस्तीतल्या वाचनालयाची पोस्टरं ती दोन्ही लिप्यांत करते. कुणाची परवानगी नको, दुकानात जाऊन कुणाच्या खुर्चीमागं उभं राहायला नको. स्टुडिओचं तासाचं भाडं ज्यांना परवडत नाही, किंवा रात्री तिथं जायची ज्यांना घरून मुभा नाही, अशा मुलींसाठी हा फरक केवळ पैशांचा नाही.

शेवटी तीन गोष्टी. एक, सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. कुणाच्या पेनड्राइव्हवरून नको. दोन, प्रोजेक्ट फाइलबरोबर मूळ आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, चित्र पीएनजी किंवा एसव्हीजीमध्ये ठेवा. हे खुले प्रकार आहेत, बहुतेक सॉफ्टवेअर ते उघडतात. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. तीन, कमवायला लागलात की या मंडळींना थोडी मदत पाठवा. पैसे नसतील तर मराठी भाषांतराला हात लावा. वर्गणीची विहीर आहे, गाळ आपणच काढायचा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात दादी, नानी, आजी असेल तर तिच्यापुढं फोन ठेवा आणि म्हणा, ‘एक गाणं म्हण ना.’ बाकी सगळं सॉफ्टवेअर नंतर शिकता येईल.