तार किती लांब घ्यावी?

गच्चीवर एरिअल उभारून, सरकारी परवान्यानें देशोदेशींच्या लोकांशीं संवाद साधणारे हौशी आज अनेक शहरांत आढळतात. यंत्राची निवड ते महिनोन्महिने करतात. परंतु यंत्रापासून एरिअलपर्यंत जाणारी तार मात्र हाताशीं असेल तेवढी जोडून देतात. पुढें आवाज पोंचेनासा झाला म्हणजे दोष यंत्राला लागतो.

ह्या तारेस कोॲक्सियल केबल म्हणतात. मध्यें तांब्याची तार, तिच्याभोंवतीं पॉलिथिनचें वेष्टण, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि सर्वांवर काळें आवरण, अशी तिची रचना असते. ऑलिव्हर हेव्हिसाइड ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८० मध्यें अशा तारेचें पेटंट घेतलें.

केबलमधून जातांना कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें नष्ट होते. लांबी वाढेल, कंपनसंख्या वाढेल, तसा हा तोटाहि वाढतो. आर्. जी. ५८ ही बारीक केबल ३० मीटर घेतली, तर ७ मेगाहर्ट्झवर १० वॅटांपैकीं सुमारें साडेसात वॅट एरिअलला मिळतात. १४५ मेगाहर्ट्झवर मात्र केवळ अडीच! तीच १० मीटर घेतल्यास सहा वॅट पोंचतात. आर्. जी. २१३ ही जाड केबल असेल, तर ३० मीटरांनंतरहि निम्म्याहून थोडी अधिक शक्ति उरते. बाहेरून येणाऱ्या क्षीण संदेशालाहि हाच न्याय लागू पडतो.

केबल अर्ध्या लहरीच्या पटींतच कापली पाहिजे, अशी कित्येकांची समजूत असते. एरिअल आणि केबल हीं दोन्हीं ५० ओहमचीं असतील, तर त्याची गरज नाहीं. हातभर तार कापल्यानें मीटरचा कांटा हलत असेल, तर बहुधा जाळीच्या बाहेरच्या अंगानें प्रवाह वाहत असतो. एरिअलपाशीं केबलचीं कांहीं वेटोळीं घालणें, हा त्यावरील उपाय.

परतणारी शक्ति दाखविणारा मीटरहि कधीं कधीं फसवितो. वरील ३० मीटर बारीक केबलचें टोंक एरिअलपासून सुटलें, तरी १४५ मेगाहर्ट्झवर खोलींतला मीटर १.७ च्या आसपास आंकडा दाखवील. कारण परतणारी शक्ति वाटेंतच विरून जाते. बोलणारा निश्चिंत, आणि शब्द एकहि बाहेर गेलेला नाहीं! २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें असलेल्या हौशींच्या रेडिओवरूनच अनेकांना आप्तांची खुशाली कळली. अशा घडीला हा भ्रम किती महाग पडेल!

म्हणून प्रथम सुतळीनें सारी वाट मोजावी : यंत्रापासून खिडकी, खिडकीपासून गच्ची, गच्चीपासून एरिअल. वळणें सैल राहावींत आणि पावसाचें पाणी गळून जाण्यास खिडकीबाहेर एक झोळ पडावा, एवढ्यासाठीं एखाद-दुसरा मीटर अधिक घ्यावा. वाट लांबच असेल, तर जाड केबलवर खर्च करावा. खोलींतील यंत्रें एकमेकांस जोडण्यास अर्धा-एक मीटर पुरे. पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर मीटर गच्चीवर नेऊन एरिअलपाशींच माप घ्यावें. एवढें करणाऱ्या हौशीला नवें यंत्र घेण्याची निकड पुष्कळदां वाटेनाशी होते.