फोनचा कोनाडा

व्याख्यानाची वेळ साडेसहाची होती. पावणेसात झाले तरी वक्त्यांचा पत्ता नव्हता. संयोजकांनी फोन लावला, तो त्यांच्या पुतण्याने उचलला. ‘काका केव्हाच निघालेत. फोन इथे कोनाड्यात आहे.’ हे माइकवरून जाहीर झालं आणि सभागृहात हशा पिकला. पुण्यातल्या पेठेतल्या या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प असं वक्ता पोचण्याआधीच गुंफायला सुरुवात झाली.

दहा मिनिटांनी वक्ते आले ते चालत, छत्री झटकत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवलेले निवृत्त अभियंते. पत्रिकेवर ‘व्यक्तिगत तंत्रज्ञान आणि साधी राहणी’ असा भारदस्त विषय छापला होता. तो त्यांनी पहिल्याच मिनिटाला गुंडाळून बाजूला ठेवला. फोन किती वेळ वापरायचा, हा प्रश्न सोडून द्या; तो ठेवायचा कुठे ते ठरवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढचा तासभर ते या एका मुद्द्याभोवती फिरत राहिले.

मोबाइलचा इतिहास त्यांनी दोन मिनिटांत उरकला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना केलेला पहिला कॉल, येणाऱ्या कॉललाही पैसे मोजायचे दिवस, २००३मध्ये त्यातून झालेली सुटका, २०१६नंतरचा स्वस्त डेटा. ‘हे सगळं तुम्ही भोगलंय, मी काय सांगू?’

जुन्या घराचं वर्णन मात्र चवीचवीने झालं. रेडिओ फळीवर. फोन स्टुलावर, अंगावर क्रोशाची झालर. मुंबई दूरदर्शन १९७२मध्ये सुरू झालं. पुढे घरोघर आलेल्या कित्येक टीव्हींना लाकडी सरकती दारं असत, कार्यक्रम संपला की ती ओढून घ्यायची. प्रत्येक यंत्राला घरात जागा होती. माणूस उठून यंत्राकडे जायचा. आता यंत्र माणसाच्या खिशात राहायला आलंय आणि आपण भाडंही मागत नाही, असं ते म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतून दाद आली.

इथे त्यांना कुलपाची आठवण झाली आणि व्याख्यानाने रूळ सोडला.

ते लहान असताना सगळ्या वाड्यात फोन एकच, त्यांच्या घरी. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पावत्यांवर तोच नंबर ‘पी. पी.’ म्हणून छापलेला. फोन कोणासाठीही आला तरी निरोप पोचवायचं काम मुलांचं. बिल मात्र वडिलांचं, म्हणून डायलच्या भोकात छोटं कुलूप. पण कुलूप होतं डायलला, तारेला नव्हे. डायल गोल फिरून परतताना तारेतून फक्त ठोके जातात: पाचला पाच, शून्याला दहा. रिसीव्हर ठेवतो ते हुक तेवढ्याच वेळा टपटप दाबलं तरी एक्स्चेंजला तोच नंबर कळतो. वाड्यातल्या थोरल्या पोरांनी हे शोधून काढलं होतं. वक्त्यांनी टेबलावर बोटांनी एक अख्खा नंबर वाजवून दाखवला, मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून वाजवला. मग बिल आलं. मग वडिलांनी कुलपाच्या दुकानदाराला जाब विचारला. मग आजीने पोरांना वेगवेगळं गाठून एकेकाकडून गुन्हा कबूल करून घेतला आणि बापाला पत्ता लागू दिला नाही. अठरा मिनिटं गेली. सभागृह खुशीत होतं, संयोजक घड्याळाकडे पाहत होते.

या गोष्टीचं विषयाशी नातं काय, हे वक्त्यांनाही बहुधा उशिरा सुचलं. कुलूप फसलं, पण स्टूल फसलं नाही, असं ते म्हणाले. चोरून फोन करायलाही पोरांना आजीच्या नजरेसमोर यावं लागे.

शास्त्राचा आधार म्हणून त्यांनी २०१७चा एक अमेरिकी प्रयोग सांगितला. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एकाग्रतेच्या परीक्षा द्यायला लावल्या. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. फोन मुके केलेले. तरीही दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांचे गुण टेबलवाल्यांपेक्षा सरस निघाले. ‘म्हणजे कोनाडाच!’ वक्ते विजयी मुद्रेने म्हणाले. त्यावर मागून एक मानसशास्त्राच्या प्राध्यापिका उठल्या. पुढे काहींनी हा प्रयोग ताडून पाहिला तेव्हा तोच परिणाम दिसला नाही, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. वक्ते जरा चमकले. ‘मग राहू द्या तो प्रयोग. आमच्या आजीला प्रयोगाची गरज नव्हती.’ प्रयोग त्यांनीच काढला होता, हे बाईंनी सौजन्याने बोलून दाखवलं नाही.

मोहित्यांचे वडगावचं उदाहरण येणार, हे श्रोत्यांनी ओळखलं होतं. सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं हे गाव. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती फोन गेले, शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं आणि रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून समजूत काढत.

वक्त्यांना या गावाचं कौतुक होतं, पण पूर्ण नव्हतं, कारण भोंगा वेळ सांगतो, जागा सांगत नाही. गावाला भोंगा पुरतो, कारण शेजारच्याचाही टीव्ही बंद असतो. आपल्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये भोंगा वाजवणार कोण? एवढा मुद्दा त्यांचा खरोखर बिनतोड होता.

मग त्यांनी विचारलं, फोन उशाशी घेऊन कोण झोपतं? चार-पाच हात वर झाले. सकाळचा गजर फोनवर कोण लावतं? जवळजवळ सगळे हात वर. ‘मग तो गजर तुम्ही स्वयंपाकघरातून ऐकता काय?’ हशा ओसरायच्या आत त्यांनी उपाय सांगितला: चावीचं किंवा सेलचं गजराचं घड्याळ घ्या, फोन झोपायच्या खोलीबाहेर काढा.

एवढ्यात व्यासपीठावर चिठ्ठी आली. वक्त्यांनी वाचली, ‘पाच मिनिटं म्हणतायत’ असं जाहीर केलं, आणि एकाच श्वासात नोटिफिकेशन, नातवंडं, जेवणाचं टेबल यांचा फडशा पाडला. मुख्य मुद्दे बहुधा हेच असावेत.

प्रश्न एकालाच विचारता आला. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी उठल्या. मुलगा न्यू जर्सीला. त्याची दुपार तेव्हा इथे मध्यरात्र. ‘फोन कोनाड्यात वाजला तर मी पोचेपर्यंत बंद होतो. माझ्या गुडघ्यांचं काय करू?’

‘घंटा मोठी ठेवा,’ वक्ते म्हणाले. ‘वाड्यात सगळ्यांना ऐकू यायची.’

‘ऐकू येतंच हो. चालवत नाही.’

वक्ते काहीतरी बोलू लागले, पण आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

जिन्यात आजींनी त्यांना पुन्हा गाठलं. भांडायला नव्हे. घरात फोन उशाशीच का असतो, याचा त्यांनी विचार केला होता. चार्जर लावायला मोकळा प्लग फक्त पलंगाशेजारीच आहे. दिवाणखान्यातले सगळे टीव्ही आणि फ्रिजने अडवलेत. सोसायटी बांधली तेव्हा वायरमनने जिथे खोका बसवला, तिथेच फोनने मुक्काम केला.

वक्ते थांबले. हे त्यांच्या ध्यानात कधीच आलं नव्हतं. त्यांनी खिसे चाचपले, कागद सापडेना. शेवटी संयोजकांच्या चिठ्ठीच्या पाठीवरच लिहून घेतलं: ‘वायरमन.’ मग आजींना विचारलं, ‘तुमच्या खोलीपासून दिवाणखाना किती पावलांवर आहे?’

आजी बोटांवर मोजू लागल्या.