स्विच बंद, तरी इंजिन चालूच



खुरपणीच्या दिवसांत गटाच्या पॉवर विडरला उसंत नसते. सकाळी एकीच्या कपाशीत, दुपारी दुसरीच्या तुरीत. आमच्या गटाचा विडर पेट्रोलवरचा, आता जुना झालेला. गेल्या हंगामात त्यानं नवीच खोड काढली. काम संपवून स्विच बंद केला तरी इंजिन गचके देत, खडखडत फिरतच राहायचं आणि थोड्या वेळानं आपलं आपणच थांबायचं. मिस्त्रीनं यंत्राला हात न लावताच सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल." ऐन हंगामात इंजिन खोलून ठेवणं कोणत्या गटाला परवडतं? म्हणून हे कशानं होतं, ते आम्ही आधी समजून घेतलं.

पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडते, तिनं पेट्रोल पेटतं. स्विच बंद केला की ठिणगी बंद, म्हणजे इंजिनही बंद. डिझेलच्या ट्रॅक्टरला असा प्लग नसतो. तिथं हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेट घेतं. त्यामुळे ट्रॅक्टर थांबवायचा तर डिझेलच तोडावं लागतं. आपल्या विडरचं नेमकं हेच होत होतं. ठिणगी नसतानाही आतल्या उष्णतेनं पेट्रोल पेटत होतं. आत साठलेली काजळी निखाऱ्यासारखी लाल झाली की तीच ठिणगीचं काम करते. पेट्रोलचं इंजिन डिझेलसारखं वागतं, म्हणून या खोडीला 'डिझेलिंग' म्हणतात. पूर्वी परदेशात पेट्रोलवरचे ट्रॅक्टर खूप होते. अमेरिकेतला फोर्डचा ८एन, १९४७ ते १९५२ मधला, तसाच. अशा जुन्या इंजिनांतही ही खोड दिसते.

पण स्विच बंद करूनही इंजिन चालू राहिलं, म्हणजे दर वेळी डिझेलिंगच, असं नाही. या यंत्रांत स्विच बंद केला की एका बारीक वायरीतून ठिणगीचा करंट इंजिनच्या अंगात उतरतो. ती वायर तुटली, सुटली किंवा तिचं टोक गंजलं, तर स्विच कितीही दाबा, ठिणगी पडतच राहते. यातला फरक ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. सकाळी इंजिन गार असताना चालू करा आणि लगेच स्विच बंद करा. गार असतानाही थांबलं नाही आणि पहिल्यासारखंच एका लयीत चालत राहिलं, तर वायर किंवा स्विच बघा. ते काम पाना-पक्कड घेऊन घडीभरात होतं, त्यासाठी इंजिन खोलू देऊ नका. गार असताना झटकन थांबतं आणि तापल्यावरच गचके देत फिरतं, तर मात्र ते डिझेलिंग.

आमचं दुसऱ्या प्रकारचं निघालं. मग इंजिन एवढं तापतं कशानं, हे शोधलं. या इंजिनात पाणी नसतं, पंख्याच्या वाऱ्यानंच ते गार होतं. पंख्याचं झाकण काढलं, तर आतल्या पात्यांच्या खाचांत गवत, माती आणि कपाशीची बोंडं गच्च बसलेली. वारा जाणार कुठून? इंजिन पूर्ण गार झाल्यावर ब्रशनं झाडून काढलं. तापल्या इंजिनवर पाणी मारू नका, धातूला तडा जातो.

मग प्लग काढून पाहिला. प्लग म्हणजे इंजिनची जीभच म्हणा. टोक फिकट तपकिरी असलं, तर ठीक. काळंकुट्ट असलं, तर पेट्रोल जास्त होतंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा ऑइल जळतंय, आणि अशानंच काजळी साठते. पांढरटफट्ट असलं, तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन जास्त तापतंय. आमचा पांढरा निघाला. महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरचं बारीक भोक बुजतं. जेट साफ केला, ताजं पेट्रोल भरलं. प्लग बदलायचा, तर यंत्राच्या पुस्तकातला नंबर सांगूनच घ्या. चुकीच्या जातीचा प्लग स्वतःच लाल होऊन पेट्रोल पेटवतो. रेस कमी केल्यावरही इंजिन जोरात फिरत असेल, तर तेवढा स्क्रू मिस्त्रीकडून कमी करून घ्या.

एवढं करूनही थांबलं नाही, तरच हेड खोलून काजळी काढायची. ते काम मिस्त्रीचं, पण आपण शेजारी बसायचं. काजळी लाकडाच्या चिपाटीनं खरवडायची, स्क्रूड्रायव्हरनं नाही, कारण ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात. बसवताना गॅस्केट नवीन टाकायला सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्विच बंद झाला म्हणजे यंत्र थांबलं, असं धरून पात्यांत अडकलेलं गवत काढायला हात घालू नका. इंजिन फिरतंय आणि क्लच अडकला, तर पाती फिरतील. पदर खोचलेला हवा, पाय लांब हवा. इंजिन थांबत नसेल, तर क्लच सोडा, रेस पूर्ण खाली घ्या, चोक लावा आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत धीर धरा. कुणी प्लगची टोपी ओढायला गेलं, तर अडवा. डिझेलिंगमध्ये ठिणगीची गरजच नसते, त्यामुळे इंजिन थांबत नाही, आणि ठिणगी चालू असली, तर जोराचा झटका बसतो. वर पोतं टाकणं तर आगीला आमंत्रण.

काम संपल्यावर स्विच लगेच दाबायचा नाही. क्लच सोडून दोन-तीन मिनिटं इंजिन कमी रेसवर चालवा, थोडं निवू द्या, मग बंद करा. भाड्यानं नेणाऱ्या बाईलाही हे यंत्र देतानाच सांगतो.

आणि मिस्त्रीकडे जाताना 'थांबत नाही' एवढंच सांगू नका. असं सांगा, "दादा, गार असताना लगेच बंद होतं, तापल्यावर गचके देतं. वायर बघितली, खाचा साफ केल्या, जेट साफ केला, प्लगचं टोक पांढरं होतं." तो जुना प्लग सोबत न्या, त्याच्या हातात द्या.